घरचा कंप्रेसर: आधी हवेचा हिशेब, मग हत्यारं

गाडीचं बारीकसारीक काम घरीच करायची हौस असलेला माणूस कंप्रेसर घ्यायला गेला, की दुकानदार पहिलं विचारतो, ‘किती एचपीचा देऊ?’ इथेच गाडी रुळावरून घसरते. एचपी मोटरचा असतो, आणि आपल्याला काम हवेकडून करून घ्यायचं असतं. मिनिटाला किती घनफूट हवा खरोखर बाहेर पडते, तो आकडा विचारा. त्यातही मेख आहे. पाटीवर ७ किंवा ८ सीएफएम छापलेलं असतं, ते बहुतेक वेळा पिस्टन किती हवा आत ओढतो त्याचं. प्रत्यक्ष हाती लागणारी हवा त्याच्या दोन तृतीयांश, फार तर पाऊण पट. तिला एफएडी म्हणतात. पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिकमधून किंवा दापोडीच्या अॅटलास कॉप्कोमधून निवृत्त झालेले एखादे काका ओळखीत निघतातच. त्यांना सोबत न्या. ते दुकानात पाऊल ठेवल्याठेवल्या एफएडीच विचारतील.

आता हत्यारं. घरच्या कामात माझ्या आवडीची तीनच: गेज असलेली हवा भरायची गन, ब्लो गन आणि अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच. पहिलीला हवा नगण्य लागते. दुसरी दाबून धरली तर टाकी भराभर उपसते, पण तिचं काम थांबत थांबत चालतं. तिसरीच्या खोक्यावर ४ ते ५ सीएफएम लिहिलेलं असतं. ती सरासरी असते, आणि मिनिटातली पंधराएक सेकंदच ट्रिगर दाबलेला असेल असं त्यात धरलेलं असतं. ट्रिगर दाबलेला असताना गन त्याच्या चौपट हवा ओढते.

५० लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारपर्यंत उतरली की तिच्यातून बाहेर पडलेली मोकळी हवा होते १०० लिटर, म्हणजे साडेतीन घनफूट. गन ट्रिगरवर असताना २० सीएफएमच्या हिशेबाने ही हवा दहा सेकंदांत संपते. नेहमीचा, न गंजलेला नट सुटायला दोन-अडीच सेकंद लागतात. चार नटांचं एक चाक सुटलं, की मोटर पुन्हा सुरू होणार आणि पाऊण मिनिटात टाकी भरणार. तेवढ्यात आपण चाक बाजूला ठेवतो, घाम पुसतो. म्हणजे २ एचपी, ५० लिटर हे माप घरच्या कामाला बरोबर बसतं. २४ लिटरची टाकी हवा भरायला आणि फुंकायला छान, पण इम्पॅक्टला तिची दमछाक होते.

सँडर, डाय ग्राइंडर आणि रंगाची गन या यादीत मुद्दाम नाहीत. त्यांना हवा सलग लागते, आणि तीही मिनिटाला १० घनफूट किंवा त्याहून जास्त. घरच्या कंप्रेसरवर बंपर रंगवायला घेतलात, तर अर्ध्या पट्ट्यातच दाब पडून गन थुंकायला लागते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा, स्वस्त पडेल. दुसरंही सांगून टाकतो. तुम्हाला फक्त चाकंच काढायची असतील, तर बॅटरीवरचा इम्पॅक्ट घ्या आणि कंप्रेसरचा नाद सोडा. पण चाकात हवाही भरायची आहे, फिल्टरमधली धूळही उडवायची आहे, तर एका टाकीवर सगळं भागतं.

जागा, वीज आणि नळी

कंप्रेसर सपाट फरशीवर, भिंतीपासून हातभर लांब, सावलीत ठेवा. पंख्याच्या बाजूला हवा खेळती हवी. ऑईलवाला असेल तर काचेतल्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत तेल भरा. ते कंप्रेसरचंच, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं असावं. गाडीचं उरलेलं इंजिन ऑईल त्यात ओतू नका. त्यातल्या डिटर्जंटमुळे फेस होतो आणि व्हॉल्व्हवर काजळी धरते. ऑईल-फ्री मशीनला ही कटकट नाही. त्यातही सायलेंट म्हणून मिळणारी मशीनं सोसायटीत शेजारधर्म पाळतात, पण त्याच एचपीत हवा कमी देतात.

२ एचपीची मोटर चालताना नऊ-दहा अँपिअर घेते. सुरू होताना क्षणभर त्याच्या कैक पट. तेव्हा प्लग १६ अँपिअरचाच हवा, अर्थिंग पक्कं हवं, आणि एमसीबी सी टाइपचा. पार्किंगमधल्या सोसायटीच्या प्लगवर लावायचा असेल तर आधी सेक्रेटरींना विचारा. आणि गाडी लांब उभी आहे म्हणून एक्स्टेंशन बोर्ड शोधू नका. बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि असं होत राहिलं तर वाइंडिंग जळतं. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइन मुळातच कमी असते, तेव्हा तर हा हमखास अनुभव. मोटर गुणगुणली की दोन-तीन सेकंदांत बटण बंद करा. वायर लांबवायची नाही, नळी लांबवायची.

नळीच्या बाबतीत लोक फसतात ते निळ्या किंवा केशरी गुंडाळीच्या पीयू नळीने. ‘८ एमएम’ म्हणून मिळते ती बाहेरून ८; आतलं भोक ५ मिलिमीटरच. हवा भरायला आणि फुंकायला ती उत्तम, हलकी, गुंडाळून खुंटीला टांगता येते. इम्पॅक्टला मात्र आतून १० मिलिमीटरची रबरी नळी घ्या. गेजवर ९० पीएसआय दिसतंय आणि नट हलत नाही, अशी तक्रार असेल तर दहांत नऊ वेळा गुन्हेगार नळी असते.

जोडण्या भोसरी, सातपूर किंवा शिरोली अशा एमआयडीसीजवळच्या दुकानांत सुट्या मिळतात. पाव इंची बीएसपी मागा. परदेशी गनवर कधी कधी एनपीटी आटे असतात. बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. दोन फेरे छान बसतात, मग अडकतं. तिथे पान्याने जोर लावू नका, गनचं तोंड फाटेल; कन्व्हर्टर मिळतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, तीन-चार वेढे द्या. पहिला आटा उघडा ठेवा, नाहीतर टेपचा तुकडा सुटून गनमध्ये जातो. क्रम असा: टाकी, फिल्टर-रेग्युलेटर, नळी, क्विक कपलर, हत्यार. तेल सोडणारा लुब्रिकेटर मध्ये बसवू नका. त्याच नळीने एअर फिल्टर फुंकायचा आहे, त्यावर तेलाचा फवारा नको. इम्पॅक्टला तेल हाताने देऊ.

पहिल्यांदा सुरू करताना

नवं मशीन असेल तर टाकीचा कॉक पूर्ण उघडा ठेवून वीस-तीस मिनिटं मोकळं चालवा. पिस्टनच्या रिंगा बसतात. मग कॉक बंद करून टाकी भरू द्या. ८ बारला मोटर आपोआप बंद झाली पाहिजे, आणि बंद होताना प्रेशर स्विचजवळ एक छोटं ‘फुस्स’ ऐकू आलं पाहिजे. पिस्टनच्या डोक्यावर कोंडलेली हवा तेव्हा सुटते. ते फुस्स आलं नाही, तर पुढच्या वेळी मोटरला भरल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. ती गुणगुणते आणि आपण उगाच व्होल्टेजला दोष देतो. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी एकदा ओढून पाहा. जोरात हवा सुटली आणि सोडल्यावर बंद झाली, की ठीक. त्याच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि मोटर बंद करून पाच मिनिटं काटा बघा. बुडबुडे दिसले तर सांधा सोडवून टेप नव्याने. नुसता अजून आवळून भागत नाही.

हवा: पहाटे, मोटर बंद ठेवून

चाकात हवा थंड टायरवर भरायची असते. गाडी पेट्रोल पंपापर्यंत गेली तरी टायर तापतो आणि काटा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो. घरच्या कंप्रेसरचा खरा फायदा इथे आहे. रात्री लोक जागे असताना टाकी ८ बारला भरून मेन कॉक बंद करून ठेवा. सकाळी मोटर न लावता, कुणाची झोप न मोडता, चारही चाकं भरून होतात. लहान गाडीच्या टायरात साधारण २५ ते ३० लिटर जागा असते. २६ चं ३२ करायला ११-१२ लिटर मोकळी हवा पुरते. चार चाकांची झाली ४५-५० लिटर. २४ लिटरची टाकीसुद्धा एवढं हसत देते.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतो. त्यावरचा आकडा खरा. ‘पुढे तीस, मागे तीस’ हा पंपावरचा मंत्र सगळ्या गाड्यांना लागू नाही. पाचजण आणि सामान असेल तर मागच्या चाकांचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच असतो. टायरच्या कडेवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा, तो भरायचा नाही. स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागतं. तिच्यावरच लिहिलेलं असतं. हवा भरून झाली की व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावायची जुनी पद्धत आहेच, पण साबणाचं पाणी बरं. बुडबुडा आला तर आतली पिन किंचित आवळा. टोपी लावायला विसरू नका. पिनमध्ये चिखल गेला की हवा हळूहळू उतरत राहते.

ब्लो गन

आधी चष्मा, मग गन. रेग्युलेटर २ बारपर्यंत, म्हणजे तीसएक पीएसआयवर उतरवा. अंगावरची, कपड्यांवरची धूळ या गनने कधीही झटकू नका. हवा कातडीत शिरू शकते, कानात-डोळ्यांत गेली तर कायमची इजा होते. पोरांच्या हातात तर मुळीच द्यायची नाही.

एअर फिल्टर काढा, जमिनीवर हलकेच आपटून मोठी धूळ पाडा. मग गनचं तोंड वीतभर लांब धरून फुंका, आणि फुंकायचं आतून बाहेर; इंजिनकडच्या स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे. उलट फुंकलं तर धूळ कागदात आणखी खोल रुतते. तोंड कागदाला टेकवलं तर घडी फाटते, डोळ्यांना दिसतही नाही आणि माती थेट इंजिनात. फिल्टर उजेडासमोर धरून पाहा. घड्यांमधून उजेड सारखा आला तर परत बसवा, काळाकुट्ट दिसला तर नवा आणा. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्यात वाळलेली पानं, झुरळांचे पाय, कधी उंदराने आणलेला कापूस निघतो. तो घराबाहेर नेऊन फुंका.

रेडिएटर आणि त्याच्यापुढचा एसी कंडेन्सर इंजिनाच्या बाजूने पुढे फुंकावा, म्हणजे अडकलेले किडे आले वाटेने परत जातात. पत्र्या मऊ असतात. हवा सरळ मारा, तिरकी मारली तर त्या वाकतात. ब्रेकची धूळ मात्र हवेने उडवू नका. ती फुप्फुसात जाते. तिथे ब्रेक क्लीनरचा फवारा आणि फडकं.

चाकांची अदलाबदल

पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीचे पुढचे टायर लवकर झिजतात. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचं मागे, मागचं पुढे केलं की चारही सारखे जातात. घरी एक जॅक, एक घोडी आणि स्टेपनी एवढ्यावर हे होतं, आणि एका वेळी एकच चाक उचललेलं राहतं. एका बाजूला तीनदा उचलणं, दोन्ही बाजू मिळून सहा. दर वेळी चार नट. हातपान्याने कंबर जाते. म्हणून इम्पॅक्ट.

१. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये. उचलायच्या नसलेल्या, विरुद्ध बाजूच्या चाकांना दोन्हीकडून विटा किंवा लाकडी ठोकळे.

२. इम्पॅक्टच्या हवेच्या तोंडात न्यूमॅटिक ऑईलचे तीन-चार थेंब टाका आणि क्षणभर मोकळी फिरवा. नाकातोंडावर उडेल, बाजूला धरा.

३. सॉकेट काळा, जाड, सहा कोनांचा, इम्पॅक्टसाठीच बनवलेला हवा. नेहमीच्या किटमधले चकचकीत क्रोमचे सॉकेट या गनवर लावायचे नाहीत, ते फुटून उडतात. बहुतेक गाड्यांना १७, १९ किंवा २१ चा लागतो. अलॉय व्हील असेल तर पातळ भिंतीचा, प्लास्टिकचं कव्हर असलेला घ्या, नाहीतर भोकाच्या कडा ओरबाडतात.

४. रेग्युलेटर ९० पीएसआयवर लावा, पण ट्रिगर दाबलेला असताना काटा बघून. मोकळ्या नळीत काटा ९० दाखवतो आणि गन चालू झाली की ७० वर येतो. खरा दाब तो.

५. चाक जमिनीवर असतानाच चारही नट एकेकदा सोडवून अर्धा फेरा ढिले करा. नट तीन-चार सेकंदांत हलला नाही तर गन दाबून धरू नका. गंजरोधक तेल मारा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा प्रयत्न करा.

६. पुढचं डावं चाक जॅकवर उचला. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच, आणि शेजारी घोडी लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. नट काढा, चाक काढा, तिथे स्टेपनी चढवून खाली उतरवा.

७. आता मागचं डावं चाक काढा, त्या जागी पुढून काढलेलं लावा. मग पुन्हा पुढे या, स्टेपनी काढा आणि मागून आलेलं चाक चढवा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असला तरी या पद्धतीत अडचण नाही, कारण बाजू बदलत नाही.

८. लावताना नट पहिले तीन-चार आटे हाताने फिरवा. तिरका बसलेला नट हाताला लगेच कळतो. गनला काही कळत नाही, ती आटे चावत आत जाते.

आवळणं गनने करायचं नाही. ही माझी एकमेव हट्टाची गोष्ट आहे. रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात गन टर्रर्र वाजवून चाक बसवतात, आणि पुढे कधीतरी हायवेवर पंक्चर झालं की गाडीतल्या पान्यावर उभं राहून नाचलं तरी नट सुटत नाही. छोट्या गाड्यांच्या नटांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर एवढाच आवळ लागतो. नेमका आकडा पुस्तिकेत. साधी इम्पॅक्टही त्याच्या कितीतरी पट जोर देते. जास्त आवळलं की स्टड ताणला जातो आणि डिस्क वाकडी बसून ब्रेक थरथरतो. तेव्हा गनने फक्त सोडवायचं. हाताने नट टेकवा, चाक जमिनीला लावा आणि टॉर्क रेंचने समोरासमोरचे नट क्रमाने ‘टक्’ होईपर्यंत आवळा. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर थंड चाकावर एकदा पुन्हा तपासा. टॉर्क रेंच काम झाल्यावर सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायचा. तो महाग वाटत असेल तर इम्पॅक्ट घेणं लांबवा आणि आधी टॉर्क रेंच घ्या. पुढच्या-मागच्या हवेचा आकडा वेगळा असेल तर अदलाबदल झाल्यावर हवाही जुळवून घ्या.

या तिन्ही हत्यारांची सवय झाली की पुढची हौस सुचते. एअर रॅचेट आकर्षक दिसतो, पण भारतीय छोट्या गाडीच्या इंजिनात त्याचं डोकं शिरेल एवढी जागा क्वचित सापडते. ब्रेकचं तेल ओढून काढणारा व्हॅक्यूम ब्लीडर मात्र एकट्याने काम करणाऱ्याला वरदान. पेडल दाबायला कुणाला बसवावं लागत नाही. फक्त वरच्या डबीतलं तेल तळाला जाऊ द्यायचं नाही. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर पावसाळ्याआधी गाडीच्या तळाला गंजरोधक लेप मारायची गन घ्या. तिच्या बाटलीचं तोंड लेपाच्या डब्याला जुळतं का, ते आधी बघा.

काम झाल्यावर

बटण बंद, प्लग बाहेर, मग नळीतली हवा सोडून हत्यार काढा. दाब असताना कपलर ओढला तर नळीचं टोक सापासारखं उसळतं. इम्पॅक्टमध्ये पुन्हा दोन थेंब तेल टाकून क्षणभर फिरवून ठेवली की आतली पाती गंजत नाहीत.

शेवटी टाकीखालचा कॉक. तीस अंशाच्या दमट दिवसात एका घनमीटर हवेत तीसएक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा दाबून नवव्या हिश्शात कोंबली की बहुतेक पाणी टाकीच्या तळाशी उतरतं. जुलैत चिपळूणला किंवा पणजीला अर्धा दिवस काम केलंत तर कॉकमधून चहाच्या रंगाचं गढूळ पाणी येतं. तो रंग टाकीच्या पोटातल्या गंजाचा. एक बार दाब शिल्लक असताना कॉक हळू उघडा, म्हणजे पाणी जोराने निघतं. मशीन किंचित कॉकच्या बाजूला तिरपं करा आणि कोरडी हवा येईपर्यंत थांबा. गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचं ठिगळ लावून देणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका, टाकी बदला. आठवडाभर मशीन लागणार नसेल तर कॉक उघडाच राहू द्या. पुढच्या वेळी मोटर चालू आहे आणि काटा जागचा हलत नाही असं झालं, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी खाली वाकून तोच बघा.